राहू द्याल का?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सातारा-सांगलीकडे अलीकडे एक नवीनच दृश्य दिसू लागले आहे. चकल्यांचा घाणा निघतो, लाडू वळून होतात, आणि मग हा सगळा फराळ देवापुढे जाण्याआधी वजनकाट्यावर जातो. कुणाचा मुलगा म्युनिकला, कुणाची सून मेलबर्नला. डब्याचे वजन किती, आत काय काय आहे, त्याची किंमत किती, पाठवणारा कोण आणि घेणारा कोण, हे सारे कुरिअरवाला एका कागदावर उतरवून घेतो. "अनारशाला इंग्रजीत काय म्हणायचं हो?" असा प्रश्न एका आजींनी मला भर पेठेत विचारला. मी म्हटले, "आजी, अनारसाच लिहा. ज्याला खायचा आहे त्याला बरोबर कळतंय." मराठीच्या प्राध्यापकाने लोकांच्या उपयोगी पडावे असे प्रसंग फार थोडे येतात, त्यांतला हा एक.

डबा आठ-पंधरा दिवसांत पोचतो. त्याच्यावर एक कागद चिकटवला की त्याचे भागते. माणसाचे मात्र तसे नाही. माणूस परदेशी पोचला तरी तो खरोखर पोचला की नाही हे ठरायला कित्येकदा वर्ष जाते. विमानातून उतरणे वेगळे आणि त्या देशात राहू दिले जाणे वेगळे. आपल्याकडे या दोहोंना मिळून 'व्हिसा झाला' असे म्हणून पेढे वाटतात. प्रत्यक्षात व्हिसा म्हणजे उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याची मुभा. घरात राहायचे, तर त्यानंतर आणखी एक परवाना काढावा लागतो. त्याला म्हणतात रेसिडेन्स परमिट, म्हणजे वास्तव्याचा परवाना. त्याच्याविषयी निघण्यापूर्वी फारसे कुणी बोलत नाही, आणि गेल्यावर दुसरे काही सुचत नाही.

हे सारे मला कळण्याचे कारण माझी भाची. माझी थोरली बहीण सांगलीला दिली आहे. आम्ही मूळचे साताऱ्याचे. अक्का तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका, दाजींचे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे छोटेसे दुकान. त्यांची मुलगी सांगलीतच इंजिनीअर झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली. जर्मनीच का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मामा, तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही." हे उत्तर एकट्या तिचे नाही. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक घेतला, आणि पुढच्याच वर्षी त्यांची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली. त्यांतली काही तरी मुले आपल्या कृष्णाकाठची असणारच.

फी नाही हे खरे. परंतु फी नाही याचा अर्थ पैसे लागत नाहीत असा नव्हे. तिथल्या सरकारचे म्हणणे असे, की बाबा रे, शिकायला ये. पण वर्षभर खाशील काय आणि राहशील कसा ते आधी दाखव. त्यासाठी एक निराळे खाते उघडून त्यात वर्षभराचा खर्च आगाऊ भरून ठेवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. आपल्या पैशांत त्या वेळी ती अकरा लाखांच्या आसपास गेली. हे पैसे विद्यार्थ्याचेच. पण त्याला ते एकदम काढता येत नाहीत. महिन्याला ९९२ युरो, तेवढेच बाहेर येतात. जर्मन भाषेत या खात्याला 'श्पेरकोंटो' म्हणतात, म्हणजे अडवून ठेवलेले खाते.

मी हे दाजींना समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. "अहो, हे तर पेव आहे!" ते म्हणाले. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत असत. हळद मालकाची, पण ती जमिनीच्या पोटात. हवे तेव्हा मूठभर काढता येत नसे. "फरक एवढाच," दाजी पुढे म्हणाले, "आमचं पेव एकदा उघडलं की रिकामंच करायचं. यांचं पेव महिन्याला एकदा उघडतं आणि परत आपोआप झाकलं जातं. हुशार लोक आहेत." त्या पेवात घालायला लागणारी हळद कुठून आली, हे त्यांनी मला सांगितले नाही. घर बँकेकडे तारण पडले होते, हे पुढे अक्काकडून कळले.

पैशाच्या आधी पदवीची परीक्षा. भारतातल्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत की नाहीत हे तपासणारे एक कार्यालय दिल्लीत आहे. त्याला थोडक्यात 'एपीएस' म्हणतात. त्याचे प्रमाणपत्र असल्याशिवाय विद्यार्थ्याला व्हिसाचा अर्ज करता येत नाही, असा नियम १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. खोट्या पदव्यांचा धंदा करणाऱ्यांनी खऱ्या पदवीवाल्यांना लावलेला हा दंडच म्हणायचा. भाचीचे प्रमाणपत्र मात्र सुरळीत आले. अडले ते तिच्या आईपाशी.

कर्जाच्या कागदांवर दाजींबरोबर अक्काची सही हवी होती, कारण महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार तिचाच. अक्काला नोकरी लागली लग्नाआधी. त्यामुळे पगारपत्रक, पासबुक, पॅनकार्ड, सगळीकडे तिचे माहेरचे नाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर आईचे नाव सासरचे. आपल्याकडे लग्नात नवरीचे आडनावच काय, नावही बदलण्याची चाल आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीने त्यावर नवे नाव लिहितो, बायका टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, आणि मग कुणी तरी ते तांदूळ गोळा करून डब्यात परत भरतो. नाव बदलले! त्याची नोंद कुठे? नोंद त्या तांदळात होती, आणि तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.

कागदोपत्री अक्का दोन बाया होत्या. एक पगार मिळवणारी, तिला मुलगी नाही. दुसरी मुलीची आई, तिला पगार नाही. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायचे, तर लग्नाची नोंदणी हवी. ती तेव्हा केलेली नव्हती. लग्नपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला एका पेटीत होता, आणि ती पेटी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तीन दिवस पाण्याखाली होती. कृष्णामाईने सांगलीकरांचे काय काय नेले याचे हिशेब पुष्कळ झाले. पण किती घरांतले जन्म, लग्ने आणि शिक्षणे तिने कागदावरून पुसून टाकली, त्याचा हिशेब कुणी केलेला नाही.

दाखल्याची दुसरी प्रत काढायला अक्काच्या साताऱ्यातल्या जुन्या शाळेत मीच गेलो. कारकुनाने कपाटातून कापडी बांधणीचे रजिस्टर काढले, पाने उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे निळ्या शाईने आमच्या अक्काचे नाव होते. वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख, सगळे जागच्या जागी. गेली पंचवीस-तीस वर्षे ज्या नावाने घरात तिला कुणी हाक मारली नव्हती, ते नाव तिथे तिची वाट पाहत बसले होते. मग त्या दाखल्याच्या आधारावर स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र झाले. अमुक नाव आणि तमुक नाव ही दोन्ही एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे, असे अक्काने शपथेवर लिहून दिले. मी आयुष्यभर आत्मचरित्रे शिकवीत आलो; परंतु इतक्या थोड्या शब्दांत कुणी स्वतःविषयी इतके सगळे सांगितलेले माझ्या वाचनात नाही. सही करून झाल्यावर अक्का एवढेच म्हणाली, "नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता मीच मी आहे हे मला सांगावं लागतंय."

नावाचा घोळ सीमेपलीकडेही संपला नाही. आपल्या पासपोर्टात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव येते. जर्मन लोकांना ते तिचेच दुसरे नाव वाटले. त्यामुळे विद्यापीठाची पत्रे भाचीला तिच्या आणि दाजींच्या अशा जोडनावाने येऊ लागली. "बाबा, तुम्हालाही प्रवेश मिळालाय," असे तिने फोनवर सांगितले, तेव्हा दाजी पोट धरून हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी तरी हसले होते.

आता तिथली हकीकत. त्या शहराचे नाव मी मुद्दामच देत नाही. ज्या गोष्टी सांगतो त्या अनेक शहरांत घडत असाव्यात. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाने लिहून द्यावे लागते, की होय, ही व्यक्ती माझ्याकडे राहते. हा पत्ता म्हणजे सगळ्याचे मूळ. वास्तव्याचा परवाना मागायचा तो त्या पत्त्याच्या भागातल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीकडे. पासपोर्ट, विद्यापीठाच्या प्रवेशाचा दाखला, आरोग्यविम्याचा दाखला, खात्यातल्या पैशांचा दाखला, हे सगळे खरे. पण पत्ता नसेल तर हे सारे घेऊन जायचे कुठे?

भाची पहिल्यांदा राहिली ती कोल्हापूरकडच्या एका मुलीच्या खोलीत, तिची पाहुणी म्हणून. तिथला मालक काही लिहून देईना. मग तिने खोल्यांसाठी साठ-सत्तर ठिकाणी अर्ज पाठवले. उत्तरे आली चार-पाच. "मामा, माझं जर्मन चुकतं की माझं नाव, काही कळत नाही," असे तिने एकदा लिहिले होते. नोव्हेंबरात एकदाची खोली मिळाली आणि पत्ता नोंदला गेला. जानेवारीत तिने परवान्याचा अर्ज केला. तिचा व्हिसा मार्चअखेरपर्यंत होता, म्हणजे अर्ज मुदतीच्या आतच होता. 'अर्ज मिळाला' एवढे एका ओळीचे उत्तर आले, आणि पुढे सगळे शांत.

मधल्या काळात कचेरीचे एक पत्र निघाले, ते परत गेले. तिथे पत्रे खोलीच्या क्रमांकावर येत नाहीत. पेटीवर जे नाव असेल त्या नावावर येतात. भाचीच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच होते. आमच्या सांगलीत पोस्टमन नुसता "हळदवाल्यांची पोरगी" म्हटले तरी पत्र घरात आणून देतो आणि चहा पिऊन जातो. तिथे पत्राने नाव शोधले, नाव सापडले नाही, पत्र निघून गेले. कुणाचे काही चुकले असे म्हणता येत नाही. जगात सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या गोष्टी अशाच असतात.

मार्च संपला. एप्रिलमध्ये सांगलीला दाजींच्या आई आजारी पडल्या. नातीला त्यांनीच वाढवलेली. अक्का शाळेत गेली की दिवसभर नात आजीजवळ. नातीचे मन इकडे ओढ घेत होते. पण व्हिसा संपलेला, परवाना मिळालेला नाही, हातात एका ओळीचे उत्तर. इकडे आली तर परत त्या देशात शिरताना विमानतळावर दाखवणार काय? दाजींनी फोनवर स्पष्ट सांगितले, "यायचं नाही. घर गहाण टाकलंय ते एवढ्यासाठी नाही." असे बोलून ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. आजी दोन दिवसांनी गेल्या. नातीने सारे फोनच्या पडद्यावर पाहिले. त्यानंतर नवव्या दिवशी त्या कचेरीतून एक घडीचा कागद आला. तो असता, तर ती येऊन परत जाऊ शकली असती.

त्या कागदाचे नाव ऐकून मी चकित झालो. 'फिक्टिओन्सबेशाइनिगुंग'. शेवटचा शब्द म्हणजे दाखला. आणि पहिला शब्द तोच, ज्याच्यावर आम्ही साहित्याचे लोक पोट भरतो: फिक्शन, कल्पित. कल्पिताचा दाखला! पहिल्यांदा मला राग आला. एका बाजूला आजी खरोखर गेली आणि दुसऱ्या बाजूला हे लोक कल्पित वाटत बसले आहेत, असे वाटले.

नंतर मी एका वकील मित्राकडून त्याचा अर्थ समजावून घेतला. कायद्यात कल्पित म्हणजे खोटे नव्हे. जी गोष्ट अजून ठरलेली नाही, ती ठरली आहे असे धरून चालायचे, एवढाच त्याचा अर्थ. माणसाने मुदतीच्या आत अर्ज केला आणि कचेरीला निर्णय करायला वेळ लागला, तर त्या उशिराचा भार माणसावर का पडावा? म्हणून निर्णय होईपर्यंत त्याची जुनी परवानगी चालू आहे असे कायदा मानतो, आणि तसा दाखला देतो. 'तू कोण हे आम्हाला अजून पुरते कळलेले नाही. पण कळेपर्यंत तू राहा.' विचार केला तर ही मोठी सभ्य कल्पना आहे. तिच्या अंमलबजावणीला नऊ दिवस उशीर झाला, हे दुःख राहणारच. परंतु त्या दुःखामुळे कल्पना लहान होत नाही.

पुढे मे महिन्यात कचेरीत तिच्या बोटांचे ठसे घेतले आणि जुलैत बँकेच्या कार्डासारखे एक कार्ड आले. त्यात तिचा फोटो, तिचे जोडनाव, आणि मुदत. त्या कार्डावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. पूर्वी ती १२० आणि २४० दिवसांची होती. २०२४ च्या मार्चपासून वाढली. भाची एका ग्रंथालयात पुस्तके लावते. आमच्या साताऱ्याच्या कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला तेव्हा तो एके दिवशी जर्मन सरकारच्या कार्डावर दिसेल असे त्यांना वाटले नसेल. जी मुले जाणार आहेत त्यांच्या आईबापांसाठी एवढेच सांगतो: सगळ्या कागदांवरची नावे निघण्याआधी एक करून घ्या, पत्ता नोंदून मिळेल अशीच खोली पाहा, मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी अर्ज करा, अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा, आणि पेटीवर नाव चिकटवायला विसरू नका.

परंतु हे सगळे सांगण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. त्या रजिस्टरातल्या निळ्या ओळीने माझ्या मनात दुसऱ्या एका रजिस्टरची आठवण जागी केली, आणि तिने मला स्वस्थ बसू दिले नाही. ते रजिस्टरही साताऱ्याचेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, रजिस्टरात आंबेडकर. तेव्हा भिवा, पुढे भीमराव. आजच्या एखाद्या कचेरीने या नावांची जुळणी मागितली असती, तर सुभेदार रामजींना किती प्रतिज्ञापत्रे करावी लागली असती!

या मुलाला साताऱ्यात असतानाच एक परवाना नाकारला गेला. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. १९०१ च्या सुमारास, सुट्टीत त्यांच्याकडे जावे म्हणून नऊ-दहा वर्षांचा भिवा आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर आगगाडीने निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली, मुले कोण ते विचारले. मुलांनी खरे ते सांगितले, आणि मास्तरांचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या होत्या. एकही गाडीवान या मुलांना बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला. तोही अशा अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. साताऱ्याहून सांगलीला रेल्वेने जाताना ते मसूर स्टेशन लागते. पाच-सहा वर्षे मी तिथून नुसताच पुढे जात होतो. आता गाडी तिथे आली की वाचीत असलेले पुस्तक आपोआप मिटते.

पुढे हाच मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, मग लंडनला गेला; जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडेही १९२१ साली त्यांनी जर्मन भाषेत अर्ज केला होता. परदेशात त्यांना राहायला जागा मिळाली. १९१७ साली शिकून परत आले आणि नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा मात्र भर शहरात त्यांना कुणी खोली देईना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिना चढून वर आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. बाबासाहेबांच्या या आठवणी इंग्रजीत आहेत आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहेत. व्हिसाची वाट पाहताना! व्हिसा कुठला? जर्मनीचा नव्हे, अमेरिकेचा नव्हे. मसूरच्या गाडीवानाचा आणि बडोद्याच्या घरमालकाचा.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल. माझ्या वर्गात माण-खटावची, जतची, पाटणच्या डोंगरातली मुले येतात. वसतिगृहात जागा न मिळालेली मुले गावात खोली शोधतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलाबरोबर मी एक खोली पाहायला गेलो. बाहेर पाटी होती. मालक भले गृहस्थ. मला प्राध्यापक म्हणून ओळखत होते. पाणी दिले, खोली दाखवली, भाडे सांगितले. मग मुलाला विचारले, "नाव काय?" त्याने पहिले नाव सांगितले. "पूर्ण सांग की." त्याने पूर्ण सांगितले. मालक जरासे थांबले, आणि म्हणाले, "अरे, माझ्या लक्षातच नाही राहिलं बघ. खोली परवाच गेली." ती पाटी त्यानंतर पंधरा दिवस तिथेच होती. मुलगा परत येताना रस्ताभर काही बोलला नाही. राजवाड्याजवळ आल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला सवय आहे."

माझ्या मनात भाचीच्या कचेरीविषयी जी तक्रार होती, ती त्या वाक्यापुढे फिकी पडते. त्या कचेरीने उशीर केला. पण काय हवे याची यादी आधी छापून दिली होती. नकार द्यायचा असता, तर तो कारणासहित लेखी द्यावा लागला असता, आणि त्याच्यावर दाद मागता आली असती. निर्णय होईपर्यंत 'राहा' असे सांगणारा एक कल्पिताचा दाखला तरी होता. आमच्या गावातला परवाना तोंडी असतो, नकारही तोंडी असतो, आणि तो इतक्या गोड शब्दांत असतो की त्याच्यावर अपील कुठे करावे ते कळत नाही.

याच साताऱ्याने या प्रश्नाचे उत्तरही एकदा दिलेले आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहात, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला बसत. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले; मंगळसूत्रही ठेवले नाही. त्या बोर्डिंगात प्रवेश घेताना वर्षाचा खर्च आगाऊ दाखवावा लागत नव्हता. आडनावही परीक्षेचा विषय नव्हते. मूल शिकायला आले आहे ना, मग ते आपले आहे असे धरून चालायचे, बाकीचे मागाहून पाहू. जर्मन कायद्याने ज्याला कल्पित म्हटले, ते या दांपत्याने शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात भाकरीच्या टोपलीवर चालवून दाखवले होते.

वाचकहो, पुढच्या जूनमध्ये कॉलेजे पुन्हा सुरू होतील आणि कुठल्या तरी तालुक्यातला एखादा मुलगा, एखादी मुलगी ट्रंक घेऊन तुमच्या पाटीखाली उभी राहील. तिचे नाव अवश्य विचारा. आधारकार्डाची झेरॉक्स घ्या, अनामत घ्या, भाडे आगाऊ घ्या, रात्री दहाच्या आत घरात आले पाहिजे असे बजावा. जर्मन लोक याहून पुष्कळ जास्त मागतात, आणि आपली मुले ते सगळे देतात. फक्त आडनाव ऐकून झाल्यावर, खोली परवाच गेली, असे म्हणू नका.